बसायचे पैसे

अहो, ऐकलंत का? इकडे या जरा, जास्वंदीच्या बाजूला. तिथून बोललं की थेट त्यांच्या स्वयंपाकघरात ऐकू जातं. मॅनेजरवहिनींचा हिशोब लागला म्हणे, अगदी पै-पैचा! कसला म्हणून काय विचारताय, एव्हरेस्टचा! सासू-सुना बेस कॅम्पला जाऊन आल्या, हे साऱ्या कॉलनीला ठाऊक आहे. फोटो आपण सगळ्यांनी बघितले, अंगठे दाखवले, झालं. पण खरी मजा आहे ती त्या हिशोबाच्या वहीत. आणि ती वही मी पाहिलीये. म्हणजे... टेबलावर पडलीच होती, मी काही मुद्दाम उघडली नाही. पंखा फास्ट होता.

पैसे आले कुठून, ते तर माहितीये ना? नाही? अहो, भिशी! आपल्या भिशीत त्यांचा नंबर लागला की आपण विचारायचो, यंदा काय, बांगड्या की वॉशिंग मशीन? आणि वहिनी नुसत्या हसायच्या. हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी पोस्टात नेऊन टाकायच्या. साहेबांना पत्ता नाही! उभा जन्म बँकेत गेला, लोकांच्या खात्यातला रुपयाचा फरक सापडेपर्यंत घरी यायचे नाहीत, आणि घरातलंच एक खातं त्यांना कळलं नाही. संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवता ठेवता वहिनींनी सांगून टाकलं, ‘मी आणि धाकटी एप्रिलमध्ये एव्हरेस्टला जातोय.’ साहेबांचा लाडू हातातच राहिला.

‘शिखरावर?’

‘छे हो, पायथ्याला. 5364 मीटर फक्त.’

‘फक्त? आपलं कळसूबाई 1646 आहे!’

‘हो ना. तिपटीहून जास्त,’ वहिनी म्हणाल्या आणि आणखी एक लाडू पुढे केला.

साहेबांनी शेवटचं अस्त्र काढलं. एवढ्या पैशात दोनदा चारधाम होईल म्हणे. त्यावर वहिनी, ‘एकदा झालंय ना आपलं? मग दुसऱ्यांदा देवाला कशाला त्रास!’

तर काय सांगत होते... हं, त्या रविवारची बैठक. मी विरजण मागायला गेले होते, तर यांची हॉलमध्ये सभा भरलेली. धाकट्या सुनेने टीव्हीवर एक्सेलची शीट लावलेली. मुलगी आयटीतली, तिला सगळं रकान्यात लागतं. पोहोचायचं एक, परवान्यांचं एक, रोजच्या राहण्या-खाण्याचं एक, गाईड-पोर्टर आणि त्यांची बक्षिसी, सामान, विमा... आणि सगळ्यात खाली एक ओळ, ‘बसायचे पैसे: 40,000’. दोघींचे मिळून.

साहेबांनी चष्मा वर केला. ‘हे काय आहे?’

‘बाबा, बसून राहावं लागलं तर लागतील ते.’

‘बसून राहायला चाळीस हजार? आमच्याकडे बसा की, फुकट आहे!’ आणि सोफ्याकडे बोट. मुलगा हसला. वहिनी हसल्या नाहीत. मी आपली विरजणाची वाटी धरून दारात. निघावं तर पाय निघेना.

मग साहेबांनी प्रिंट काढायला लावली आणि लाल पेन घेतलं. खालून सुरुवात. बसायचे पैसे, काट. विमा, काट, ‘मेडिक्लेम आहे की!’ पोर्टर, काट, ‘पाठीला काय झालंय?’ सुनेचा चेहरा असा काही पडला... पण तोंडातून शब्द नाही काढला हो तिने. बोलल्या त्या वहिनी. शांतपणे म्हणाल्या, ‘मला एक सांगा, तुमची बँक आलेल्या ठेवी सगळ्या कर्जाने वाटून टाकायची का?’

‘असं कसं? रिझर्व्ह ठेवावाच लागतो.’

‘का?’

‘का म्हणजे... उद्या माणसं दारात आली तर?’

‘तेच,’ वहिनी म्हणाल्या आणि पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं. साहेबांकडे बघवेना मला. मी विरजण न घेताच घरी आले, त्या रात्री आमच्याकडे दही लागलं नाही.

बरं, ही बातमी फुटली आणि पांढऱ्या गाडीवाल्यांना चैन पडेना. नाव घेत नाही, तुम्हाला कळलंच असेल. गाडीवाल्या बाई म्हणाल्या, बँकवाले जाऊ शकतात तर आपण का नाही? आणि यांनी मोबाईलवर आलेल्या एका जाहिरातीवरून पॅकेज घेतलं. माणशी साठ हजार, ऑल इन्क्लुजिव्ह! भिशीला येऊन सांगतात कशा, ‘बाई, तुमचं निम्म्यात होईल, कशाला त्या एक्सेलच्या नादी लागता?’ वहिनींनी एकच विचारलं, ‘दिवस किती?’ तर म्हणे, तुमच्याहून कमी, उगाच वाटेतल्या नामचेला एक दिवस जास्त राहून करायचंय काय! सुनेने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. अहो, तो दिवस काही आरामाचा नसतो. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं, हे डॉक्टर कानीकपाळी ओरडून सांगतात. आता हे माझ्यासारख्या पांडवलेणीला धापा टाकणाऱ्या बाईलाही पाठ झालंय, इतक्यांदा सुनेने म्हटलंय ते. पण पॅकेजवाल्यांना तो दिवस म्हणजे दोन माणसांचं जेवण आणि खोली. काटला, की झालं स्वस्त.

आणि मुंबई विमानतळावरची गंमत कळली का? ती गाडीवाल्यांच्या ड्रायव्हरने आमच्या दूधवाल्याला सांगितली, म्हणजे खरीच. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, म्हणून हे गेले आधार कार्ड घेऊन! विमानाने जायचं तर पासपोर्ट, नाहीतर मतदार ओळखपत्र. आधार चालतं ते पंधराच्या आतल्यांना आणि पासष्टच्या वरच्यांना. बाईंचा पासपोर्ट होता. गाडीवाल्या साहेबांचा संपलेला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, ‘सर, आर यू अबव्ह सिक्स्टी फाइव्ह?’ तर यांना हो म्हणवेना, इतकी वर्षं केस काळे करतायत ना! मतदार कार्ड नाशिकला, कपाटाच्या खणात. ड्रायव्हर तसाच परत पळाला, विमान गेलं, दुसऱ्या दिवशीची तिकिटं नव्याने. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. इकडे आमच्या वहिनींच्या शीटमध्ये परवान्याच्या रकान्यात पहिलीच ओळ होती, ‘पासपोर्ट, दोन झेरॉक्स, चार फोटो’. त्याच पासपोर्टवर सागरमाथा नॅशनल पार्कात आपल्याला अर्धी फी. बाकी परदेशी लोकांना तीन हजार नेपाळी, सार्क देशांतल्यांना दीड हजार, वर तेरा टक्के व्हॅट. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे एक रुपया साठ पैसे, 1993 पासून बांधलेला दर आहे, त्यामुळे मॅनेजरसाहेबांनी तो हिशोब तोंडी करून दाखवला. तेवढाच त्यांचा रुबाब.

दुसरी पावती लुकलाला, म्हणजे विमान उतरतं त्या गावी, तिथल्या गावपालिकेची. खुंबू पासांग ल्हामू गावपालिका. पासांग ल्हामू म्हणजे एव्हरेस्टवर पोहोचलेली पहिली नेपाळी बाई, 1993 मधली. चढली आणि उतरताना गेली बिचारी. गाईडने हे सांगितल्यावर वहिनींनी ती पावती घडी घालून देवाच्या पुडीत ठेवली. ती अजून आहे, मी बघितलीये.

आता सामानाचं ऐका. लुकलाच्या विमानात माणशी पंधरा किलो, दहा पोटात आणि पाच हातात. धावपट्टी जेमतेम 527 मीटरची, तीही उताराची, तिथे कोण तुमचे डबे चढवून देणार! वहिनींनी किराणावाल्याकडचा काटा मागून आणला आणि गॅलरीत वजनं सुरू झाली. चिवडा दीड किलो, लाडू एक, मेतकूट, लोणचं, सुपारी... सून एकेक बाहेर काढतेय, वहिनी पाठ वळली की आत ठेवतायत. शेवटी सुनेने हिशोब मांडला, ‘आई, चिवडा ठेवला तर पिसांचं जॅकेट राहील.’ वहिनी जरा थांबल्या. मग म्हणाल्या, ‘जॅकेट अंगात घालू, त्याच्या खिशांत चिवडा भरू.’ आणि तसंच केलं हो! झोपायच्या पिशव्या, काठ्या काही विकत घेतलं नाही. काठमांडूला ठमेलमध्ये सगळं भाड्याने मिळतं, दिवसाला शे-दीडशे नेपाळीत. इथे दुकानात जाऊन चार-पाच हजारांचे जोडे मात्र आधीच घेतले आणि दोन महिने पांडवलेणीवर झिजवले. नवे बूट तिकडे जाऊन घातले की फोड, आणि फोड आले की घोडा, घोडा आला की खर्च.

एप्रिलमध्ये तर काठमांडूहून लुकलाला विमानं जातच नाहीत बहुतेक, रामेछापहून जातात. मध्यरात्री उठून जीपने चार-पाच तास जायचं. वहिनींची वहीत नोंद आहे बघा, ‘हॉटेलची रात्र भरली, झोपलो नाही’. पुढे कंसात काहीतरी खोडलंय, मला वाचता आलं नाही.

तर काय सांगत होते... वरचे भाव! लुकलाच्या पुढे चाक फिरत नाही, सगळं माणसाच्या नाहीतर याकांच्या पाठीवर. त्यामुळे जितकं वर, तितके भाव चढे. खोलीचं भाडं अगदी नाममात्र, पण अट एकच, जेवायचं त्याच लॉजवर. तिथेच त्यांची कमाई. वहिनींना हे ठाऊक होतं. गाडीवाल्या बाईंना नव्हतं. त्यांनी बॅगेतून ठेपले काढले, आणि नूडल्सची पाकिटं, आणि साहुनीला, म्हणजे लॉजच्या मालकिणीला, म्हणाल्या, ‘थोडं गरम पाणी देना दीदी.’ साहुनी हसली आणि थर्मास आणला, त्याचे सहा-सातशे. मग खोलीचा दर सांगितला, कितीतरी पट. बाईंनी आपल्या भाजी मंडईतली घासाघीस सुरू केली. पण तिथले दर लॉजवाल्यांच्या कमिटीने ठरवलेले, मेनूकार्डावर छापलेले. सगळीकडे तेच. काय करतील? बाईंचा चेहरा म्हणे अगदी... वहिनींनी सांगितलं नाही, पण सुनेने करून दाखवला. मी हसून हसून बेजार.

आणि ऑल इन्क्लुजिव्हमध्ये काय काय नव्हतं माहितीये? चहा नव्हता. पाणी नव्हतं. आंघोळीचं गरम पाणी पाचशेपासून पुढे, मोबाईल चार्ज करायचे तीनशे-चारशे, वायफायचं कार्ड वेगळं. गोरक्षेपला पाण्याची बाटली चार-पाचशे नेपाळी. वहिनींनी काय केलं, झऱ्याचं पाणी भरायचं, त्यात शुद्ध करायचे थेंब टाकायचे, अर्धा तास ठेवायचं. मोठी पॉवर बँक घरून नेलेली. आंघोळ नामचेनंतर बंद, ‘कोण वास घेणार आहे, याक?’ आणि जेवायला दोन्ही वेळा दालभात. भात, डाळ, भाजी परत परत वाढतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. तिकडे पोरांच्या टी-शर्टवरसुद्धा लिहिलेलं असतं ना, दालभात पॉवर, ट्वेंटी फोर अवर. गाडीवाले मात्र चिकन मागायचे. अहो, खुंबूत प्राणी मारत नाहीत, बौद्ध मंडळी. मांस येतं खालून, पाठीवरून, काही दिवसांचं उन्हातलं. मी हे ऐकूनच तोंड वाकडं केलं.

पण घासाघीस करणं वहिनींनीही सोडलं हं, आणि ते का, ते मला त्यांनी अगदी खाजगीत सांगितलंय. नामचेच्या चढावर एक पोरगा दिसला, अठरा-वीसचा. पाठीवर डोको म्हणतात ती बांबूची टोपली, तिच्यात गॅसचे सिलिंडर, आणि सगळा भार कपाळावरच्या पट्ट्यावर. दर पन्नास-साठ पावलांवर तो एक आखूड काठी टोपलीखाली टेकवायचा, वर आडवी मूठ असलेली, आणि उभ्या उभ्या वजन त्या काठीवर सोडून श्वास घ्यायचा. तोंडाने शीळ घातल्यासारखा आवाज. खाली ठेवायची सोय नाही, ठेवली तर परत उचलणार कोण? वहिनी तिथेच बाजूला बसल्या आणि तो पुढे गेल्यावर सुनेला म्हणाल्या, ‘चहाचे दोनशे घेतात ना, त्यातले याला किती मिळत असतील गं?’ त्या रात्री वहीत बक्षिसीचा आकडा वाढवलेला आहे. शाई वेगळी आहे, म्हणून कळलं मला.

हो, पोर्टर घेतला होता हं. साहेबांच्या लाल रेघेला न जुमानता! दोघींत एक, दिवसाला वीसेक डॉलर, आणि त्याचा विमा उतरवलाय का, हे एजन्सीला आधी विचारून घेतलेलं. वहिनी म्हणाल्या, आपला विमा आणि त्याचा नाही, हे माझ्या घशाखाली उतरलं नसतं.

आता मुख्य गोष्ट. जरा जवळ या. दिंगबोचेला, 4410 मीटरवर, वहिनींचं डोकं ठणकायला लागलं. खाणं नको, झोप नाही. ठरलेला मुक्काम आधीच झाला होता, दुसऱ्या दिवशी पुढे निघायचं. गाईड म्हणाला, दीदी, आज हलायचं नाही. दुखणं घेऊन वर जायचं नसतं, वाढलं तर सरळ खाली. आणि सून लगेच म्हणाली, ‘बसू या.’ बस्स. चर्चा नाही, तोंड वाकडं नाही. कारण त्या बसण्याचे पैसे शीटमध्ये होते! दोन दिवस बसल्या. खोली, जेवण, गाईड-पोर्टरचे रोज, सगळं चालू. दुसऱ्या दिवशी बरं वाटल्यावर टेकाडापलीकडे फेरिचेला गेल्या. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं क्लिनिक आहे, ही संस्था 1973 पासूनची. सीझनमध्ये दुपारी डॉक्टर उंचीच्या आजारावर लेक्चर देतात, फुकट. वहिनी पहिल्या रांगेत, नोट्स काढत. त्यांनी मला वाचून दाखवल्या. मला तर आता ब्रह्मगिरीवर गेले तरी डोकं दुखेल असं वाटतंय.

आणि त्याच दिवशी, लेक्चर ऐकून बाहेर येतायत, तर वर डोक्यावरून हेलिकॉप्टर. वहिनी म्हणाल्या, कोणाचं बिचाऱ्याचं असेल...

अहो, गाडीवाल्यांचं!

नामचेचा दिवस वाचवला होता ना? दिंगबोचेचाही वाचवला. लोबुचेला, 4940 वर, गाडीवाल्यांना उलट्या सुरू झाल्या, चालताना झोकांड्या जायला लागल्या. गाईडने ओळखलं आणि उतरायचंच म्हणाला, पण चालणार कसे? शेवटी हेलिकॉप्टर. विमा होता की! क्रेडिट कार्डाबरोबर फुकट आलेला. बाईंनी फोन लावला, तर पलीकडचा विचारतो, ‘मॅडम, कितने मीटर पे हैं?’ बाईंनी अभिमानाने आकडा सांगितला. तो म्हणाला, पॉलिसीत उंचीची मर्यादा आहे, आणि तुम्ही तिच्या बऱ्याच वर आहात. बाई नुसत्या फोनकडे बघत राहिल्या म्हणे. आमच्या सुनेने सहा हजार मीटरपर्यंतचा आणि हेलिकॉप्टरसकटचा विमा लेखी घेतला होता, शिवाय आधी कंपनीला फोन, मग हेलिकॉप्टर, हे फोनवर चिकटवून ठेवलेलं. तिकडे लबाडीही चालते ना, साधं डोकं दुखलं तरी हेलिकॉप्टरमध्ये घालायचे, कमिशनसाठी. 2018 मध्ये नेपाळ सरकारने चौकशीच लावली होती. पण यांचं दुखणं खरं होतं. आणि पैसेही खरे. एक फेरी तीन ते पाच हजार डॉलर, म्हणजे आपले अडीच ते साडेचार लाख. नेमके किती गेले, ते बाई सांगत नाहीत. मी तीनदा वेगवेगळ्या बाजूने विचारून पाहिलं. पण जावयाने डोंबिवलीहून रातोरात पैसे पाठवले, एवढं पक्कं. माणूस खाली आल्यावर दोन दिवसांत ठणठणीत झाला, देवाची कृपा. तेवढं मी मनापासून म्हणते हं.

वहिनी पोहोचल्या की! बेस कॅम्पचा तो दगड, फोटो, रडणं, सगळं झालं. 2012 साली पुण्याच्या गिरिप्रेमीची मंडळी थेट शिखरावर जाऊन आली होती, तेव्हा वहिनींनी पेपरातलं कात्रण कपाटात चिकटवलं होतं. ते कात्रण नेलं होतं बरोबर. कालापत्थरच्या टेकडीवर मात्र गेल्या नाहीत. सून म्हणाली, जाऊ या का, पहाटे निघून? वहिनी म्हणाल्या, ‘पाय म्हणतायत नको. पैसे भरलेत म्हणून जायचं असं थोडंच आहे?’

आणि परत येताना लुकलाला ढग. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. विमान नाही. सगळ्या लॉजमधून माणसं रडकुंडीला. ज्यांची काठमांडूहून पुढची तिकिटं दुसऱ्याच दिवसाची, ते माणशी चार-पाचशे डॉलर मोजून हेलिकॉप्टरची सीट मिळवायला बघत होते. ढगात तेही उडेना. एक जोडपं तर, तू म्हणालीस, तू म्हणालास, करत भांडलं म्हणे सगळ्यांसमोर. आणि आमच्या वहिनी? शेगडीजवळ बसून साहुनीला पुरणपोळी कशी करतात ते सांगत होत्या. तीही विचारत होती, डाळीत गूळ कधी घालायचा. काठमांडूचं तिकीट बदलायचे आठेक हजार पडले, त्याच ओळीतून गेले.

तर वही. शेवटचं पान. दोघींचा एकूण खर्च तीन लाख चाळीस हजार, त्यात बसायच्या पैशांचे 38,000 गेले. दोन हजार उरले. त्यातून साहेबांना लोकरीची माकडटोपी. नाशिकच्या मे महिन्यात! साहेबांनी ती घातली, आरशात बघितलं, आणि मग वही मागितली. सगळ्या बेरजा परत केल्या, दोनदा. मी तिथेच होते, परत विरजण मागायला गेले होते. बेरीज जुळली. साहेब काही बोलले नाहीत, फक्त त्या लाल रेघेवर खोडरबर फिरवला. पेनाची रेघ, ती काय जाणार! कागद फाटला तेवढा.

आणि आता गाडीवाल्या बाई काय सांगत फिरतायत, ऐकलंत ना? ‘आम्ही येताना हेलिकॉप्टरने आलो, वरून काय सुंदर दिसतं सगळं!’ मी म्हटलं, हो का? भाड्यात खिडकीची सीट धरलेली असते का हो? त्यांनी लगेच विषय बदलला, कैऱ्या महाग झाल्यात म्हणाल्या.

पण खरी बातमी कालची. काल संध्याकाळी त्याच बाई सुनेच्या दारात. एक्सेलची ती फाईल हवी म्हणे. ‘माझ्या एका मैत्रिणीला जायचंय.’ मैत्रिणीला! वर विचारतात, दोन माणसांचीच आहे ना ती शीट? सुनेने पाठवली लगेच, मनाची मोठी आहे पोरगी. फक्त पाठवायच्या आधी एक ओळ उचलून सगळ्यात वर नेली. मी विचारलं, ‘का गं, ही तर खाली होती?’

ती म्हणाली, ‘काकू, कात्री लागते ती खालून. वरच्या ओळीपर्यंत येता येता माणसं दमतात.’

बरं, नवीन भिशी जूनपासून सुरू होतेय, महिना तीन हजार. वहिनी अन्नपूर्णा म्हणतायत, साहेबांनी पहिला हप्ता भरलासुद्धा, तोही टोपी घालून. तुमचं नाव लिहू का? आणि पासपोर्ट कधी संपतोय तुमचा, ते आजच बघून ठेवा.